इफेक्ट्स लूपमध्ये मल्टिइफेक्ट्स जोडलं की ॲम्प घुमतो. सुरुवात कुठून करू?

मंद्रसप्तक

ॲम्प ५० वॉटचा ट्यूब हेड आहे, दोन चॅनल, मागच्या बाजूला सिरीज इफेक्ट्स लूप, म्हणजे सिग्नल सेंडमधून बाहेर नेऊन रिटर्नमधून परत आत घ्यायची सोय. गिटार थेट इनपुटला लावली की एकदम शांत. अडचण मल्टिइफेक्ट्स (अनेक इफेक्ट्सचं एकच पेडल) फोर-केबल पद्धतीने जोडल्यावर सुरू होते. जोडणी अशी: गिटार मल्टिइफेक्ट्सच्या इनपुटला, त्याच्या सेंडमधून ॲम्पच्या पुढच्या इनपुटला, ॲम्पच्या सेंडमधून मल्टिइफेक्ट्सच्या रिटर्नला आणि शेवटी त्याच्या आउटपुटमधून ॲम्पच्या रिटर्नला. म्हणजे ओव्हरड्राइव्ह प्रीॲम्पच्या (ॲम्पचा पहिला, सूर घडवणारा टप्पा) आधी येतो, डिले आणि रीव्हर्ब नंतर.

एवढं केलं की खालून जड घूं येतो, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. त्यावर एक बारीक, उंच शिट्टीही असते. आणि एक तिसरी गोष्ट, तिचा यांच्याशी संबंध आहे की नाही कळत नाही: लूप अजिबात वापरत नसतानाही मधूनच आवाज बसतो, खरखर होते आणि परत येतो.

ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं उपकरण) घ्यायला सांगितलं. मला आधी कारण समजून घ्यायचं आहे.

सोल्डरगन

कारण शोधायचं ठरवलंत हे फार बरं केलंत. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी निघण्याची दाट शक्यता आहे. लोक सगळ्याला मिळून 'नॉइज' म्हणतात आणि मग नुसती भुई धोपटत बसतात. म्हणून आधी प्रत्येक आवाजाची ओळख पटवा. गिटार हातात आहेच, तिचाच उपयोग करा.

सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी झाल्यावर) उरलेला रिपल, व्होल्टेजमधला चढउतार, १०० हर्ट्झवर येतो, म्हणजे त्या जीपेक्षा किंचित चढा. ऐकू येणारा घूं या सुराशी जुळत असेल तर संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर जातो. तो त्याहून एक सप्तक खाली, सहाव्या तारेच्याही खाली, पोटात जाणवणारा असेल तर तो ५० हर्ट्झचा. मग ग्राउंड लूप (ग्राउंडच्या जोडण्यांची बंद कडी), हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) वायरिंग किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र यांकडे बघायचं. गिटारचे स्पीकर इतक्या खाली नीट वाजत नाहीत, त्यामुळे ५० चा तिसरा हार्मोनिक, १५० हर्ट्झ, जास्त ठळक ऐकू येतो. तो मोकळ्या चौथ्या तारेच्या डीपेक्षा जरासा चढा. ६० हर्ट्झच्या देशात राहत असाल तर रिपल १२० चा, म्हणजे पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या बरोबर मधला सूर.

घूं, शिट्टी, फुसफुस आणि खरखर या चारांना वेगवेगळं नाव देऊन लिहा. मग पुढे जाऊ.

मंद्रसप्तक

तुलना करून बघितली. घूं तिसऱ्या फ्रेटच्या जीच्या एक सप्तक खाली आहे आणि त्यावर चौथ्या तारेच्या जवळपासचा एक सूर स्पष्ट ऐकू येतो. शिट्टी खूप उंच आहे, गिटारवर जुळवता येणार नाही. ती स्थिर नाही, मधूनच तिची लय बदलते, आत काहीतरी काम चालू असल्यासारखी. फुसफुस आहे, पण ती ओव्हरड्राइव्ह चॅनलवरच आणि गेन वाढवला की वाढते. त्याबद्दल तक्रार नाही.

षड्ज

शिट्टीची लय बदलते म्हणालात. मल्टिइफेक्ट्सला यूएसबीने कॉम्प्युटर जोडलेला असतो का?

मंद्रसप्तक

हो, पॅच एडिट करायला कायम जोडलेला असतो. लॅपटॉप चार्जरवरच असतो.

सोल्डरगन

मग शिट्टीचा मोठा भाग तिथूनच येतोय, पण ते थोडं थांबू द्या. आधी ॲम्प निर्दोष आहे याची खात्री करू, नाहीतर नंतर प्रत्येक पायरीवर शंका येत राहील.

रिटर्न जॅक म्हणजे ॲम्पचे दोन तुकडे जिथे जुळतात ती जागा. तिथे कापून दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकायच्या. एक जुना मोनो जॅक प्लग घ्या आणि त्यात टिप (टोक) आणि स्लीव्ह (बाहेरची नळी) एकमेकांना सोल्डर करा. हा शॉर्टिंग प्लग. तो रिटर्नमध्ये घातला की प्रीॲम्प बाजूला पडतो आणि पॉवर ॲम्पच्या इनपुटला पूर्ण शांतता मिळते. आता जे ऐकू येईल ते फेज इन्व्हर्टर, पॉवर ट्यूब आणि सप्लाय यांचं. हा प्लग फक्त रिटर्नमध्ये घाला. स्पीकरच्या जॅकमध्ये चुकूनही नाही.

दुसरी पायरी: तो प्लग काढून सेंड ते रिटर्न एक छोटी पॅच कॉर्ड लावा. आता पेडल नाहीत, पण लूपचं सगळं सर्किट आवाजाच्या वाटेत आहे. तिसरी: लूपमध्ये बॅटरीवर चालणारं एकच साधं पेडल. चौथी: मल्टिइफेक्ट्स फक्त लूपमध्ये, पुढच्या इनपुटला गिटार थेट. प्रत्येक पायरीवर मास्टर व्हॉल्यूम वरखाली करून बघा. काही ॲम्पमध्ये मास्टर रिटर्ननंतर असतो, काहींमध्ये सेंडच्या आधी. मास्टर शून्यावर नेऊनही घूं तसाच राहिला तर तो मास्टरनंतर कुठेतरी शिरतोय. फिरवताना बदलला तर आधी.

एक सूचना. हे सगळं बाहेरून करायचं आहे. ट्यूब ॲम्पच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरवर ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतात. डिस्चार्ज कसा करायचा आणि मीटरने कसा तपासायचा हे माहीत नसेल तर चासी उघडू नका.

तांबडा_एलईडी

माझ्याकडे असाच घूं होता. मी ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकली आणि लगेच शांत झाला. दोन मिनिटांचं काम, एवढ्या चाचण्या कशाला?

सोल्डरगन

ती पिन आजच परत लावा, अगदी हे वाचून झाल्याबरोबर. ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं किंवा एखादी वायर सुटून चासीला लागली, तर फेजचा करंट अर्थमधून जावा आणि फ्यूज उडावा यासाठी ती पिन आहे. ती नसेल तर अख्खी चासी जिवंत होते. चासीला जॅकचा स्लीव्ह, स्लीव्हला केबलची शिल्ड, शिल्डला गिटारचा ब्रिज आणि तारा, आणि तारांवर तुमची बोटं. समोर अर्थ झालेला मायक्रोफोन असेल आणि ओठ त्याला लागले तर करंट तुमच्या छातीतून जातो. स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सीमध्ये मंचावर असेच गेले. त्यांनी हात लावलेला मायक्रोफोन नीट अर्थ केलेला नव्हता.

घूं थांबला हे खरं, कारण ग्राउंड लूप तुटला. पण हा ग्राउंड लूप सिग्नलच्या शिल्डमध्ये तोडायचा असतो, मेन्सच्या अर्थमध्ये कधीही नाही. डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडायच्या डब्यावरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण सिग्नलचा ग्राउंड तोडतं, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही. म्हणून ते सुरक्षित आहे.

तांबडा_एलईडी

पिन परत लावली. हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आता घूं परत आला आहे, त्यामुळे मीही याच धाग्यावर बसून आहे.

मंद्रसप्तक

चाचण्यांचे निकाल. रिटर्नमध्ये शॉर्टिंग प्लग: जवळजवळ पूर्ण शांतता, स्पीकरला कान लावला तर अगदी हलकी फुसफुस. सेंड-रिटर्न पॅच कॉर्ड: शांत. बॅटरीवरचा डिले: शांत. मल्टिइफेक्ट्स फक्त लूपमध्ये: थोडा घूं आणि शिट्टी. यूएसबी काढली तर शिट्टी पूर्ण गेली आणि घूंही कमी झाला. पुन्हा चारही केबल जोडल्या, यूएसबी न लावता: घूं परत, जड.

सोल्डरगन

निकाल अगदी स्वच्छ आहेत. ॲम्प निर्दोष, लूपचं सर्किट निर्दोष. घूं जोडणीतून येतोय.

आता एक चाचणी करा, तिने शंका उरणार नाही. फोर-केबल जोडणी तशीच ठेवा, पण ॲम्पच्या पुढच्या इनपुटमधला प्लग उपसा. घूं जाईल. यावरून अजून काहीच सिद्ध होत नाही, कारण प्लग काढला की इनपुट जॅक आपोआप शॉर्ट होतो आणि त्या वाटेने येणारं सगळंच बंद होतं. म्हणून तो प्लग हातात धरून फक्त त्याची बाहेरची नळी, स्लीव्ह, चासीच्या उघड्या स्क्रूला टेकवा. टिप कशालाही लागू देऊ नका. सिग्नल जोडलेलाच नाही, तरी घूं परत आला तर तो निव्वळ शिल्डमधून फिरणाऱ्या करंटचा.

मंद्रसप्तक

टेकवला की घूं येतो. उचलला की जातो. चार-पाचदा करून बघितलं. टिप हवेत आहे, सिग्नल जायला वाटच नाही, तरीही! हे बघून खरंच थक्क झालो.

षड्ज

यामागचं गणित थोडं मांडतो, कारण 'ग्राउंड लूप' हा शब्द सगळे वापरतात पण नेमकं होतं काय हे क्वचितच लिहिलं जातं.

मल्टिइफेक्ट्स आणि ॲम्प यांच्यात तुमच्या तीन केबल आहेत: एक पुढच्या इनपुटला, दोन मागच्या लूपला. तिन्हींच्या शिल्ड दोन्ही टोकांना ग्राउंडला जोडलेल्या. म्हणजे तांब्याची बंद कडी तयार झाली, एक बाजू ॲम्पच्या पुढून आणि दुसरी मागून. खोलीत मेन्सच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतंच. त्या कडीतून ते जितक्या मोठ्या क्षेत्रफळातून जाईल तितका जास्त व्होल्टेज कडीत निर्माण होतो आणि शिल्डमधून करंट वाहू लागतो. शिल्डला थोडा तरी रोध असतो, त्यामुळे तिच्या दोन टोकांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. अनबॅलन्स्ड केबलमध्ये शिल्ड हाच सिग्नलचा परतीचा रस्ता असल्याने तो फरक थेट सिग्नलमध्ये मिसळतो.

रिटर्नवर सिग्नल −१० डीबीव्हीचा, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट धरला आणि घूं फक्त १ मिलिव्होल्टचा असला, तरी तो सिग्नलपेक्षा ५० डेसिबलच खाली आहे. तुम्ही वाजवायचं थांबलात की तो सरळ ऐकू येणार.

यूएसबीने याच कडीला आणखी एक फाटा जोडला: लॅपटॉपच्या चार्जरचा अर्थ, तिथून यूएसबीचा ग्राउंड, तिथून मल्टिइफेक्ट्स, शिल्ड, ॲम्प आणि परत भिंतीतला अर्थ. लॅपटॉपच्या आतल्या स्विचिंग सप्लायचा आणि डेटाचा कचरा त्याच वाटेने आला. प्रोसेसरचं काम बदललं की शिट्टीची लय बदलायची ती म्हणून. पॅच एडिट करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, वाजवताना यूएसबी काढून ठेवा. यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण तुमचं मल्टिइफेक्ट्स यूएसबीवरून ऑडिओही पाठवत असेल तर आयसोलेटर त्या वेगाला चालतो का ते बघूनच घ्या.

सोल्डरगन

उपायाचं सांगतो. फुकटचा उपाय आधी: तिन्ही केबल एकत्र बांधून एकाच वाटेने न्या. कडीचं क्षेत्रफळ कमी झालं की घूं कमी होतो. पुढची केबल खोलीच्या एका बाजूने आणि लूपच्या दोन केबल दुसऱ्या बाजूने गेल्या असतील तर नुसत्या बांधण्याने चांगला फरक पडतो. जुडगा मेन्सच्या तारांपासून आणि ॲडॉप्टरपासून लांब ठेवा. मेन्सची तार ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

खरा उपाय १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, ग्राउंड जोडला जात नाही. हम एलिमिनेटर किंवा लाइन आयसोलेटर म्हणून दोन चॅनलचे छोटे डबे मिळतात. तुमच्या तीन केबलपैकी सेंड आणि रिटर्नच्या केबल त्या डब्यातून न्या. पुढच्या इनपुटची शिल्ड तशीच ठेवा, म्हणजे मल्टिइफेक्ट्सला ग्राउंडचा संदर्भ एकाच जागेहून मिळेल. डबा ॲम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवू नका, नाहीतर तोच घूं पकडेल. सेंडला लेव्हलचं बटण असेल तर कमी लेव्हलवर ठेवा, कारण लहान ट्रान्सफॉर्मर जोरकस बेसवर सॅच्युरेट होऊन घुसमटतात.

तिसरी वाट म्हणजे एका टोकाची शिल्ड तोडलेली केबल. काम करते, पण तिच्यावर लाल टेप लावून 'शिल्ड तुटलेली' असं लिहून ठेवा. कुणी ती साधी केबल समजून गिटारला लावली तर भलताच घूं येईल आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

रीव्हर्बप्रेमी

माझी लूपची तक्रार वेगळी आहे. घूं नाही, पण लूपमध्ये साधी पेडल लावली की फुसफुस वाढते आणि आवाज बोथट होतो. सप्लाय एकच, सगळ्या पेडलना साखळीने जोडलेला.

षड्ज

यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत. फुसफुस बहुतेक लेव्हलची. ॲम्पचा सेंड +४ डीबीयूचा, म्हणजे साधारण १.२३ व्होल्टचा असेल आणि पेडल गिटारच्या लेव्हलसाठी बनवलेलं असेल तर ते क्लिप होतं, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. मग आपण सेंड खूप खाली आणतो आणि रिटर्न वाढवून भरपाई करतो. त्या वाढीत पेडलची स्वतःची फुसफुसही वाढते. पेडल क्लिप होणार नाही इतका सेंड वर ठेवा आणि रिटर्न गरजेपुरताच.

बोथटपणा केबलचा असू शकतो. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर १० मीटरला १००० पिकोफॅरड. लूप बफर (केबलचा भार पेलणारं सर्किट) नसलेला असेल आणि सेंडचा आउटपुट इम्पीडन्स १०० किलोओहमच्या घरात असेल तर १.६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. कॅथोड फॉलोअरने बफर केलेल्या सेंडला, इम्पीडन्स १ किलोओहम असताना, हीच मर्यादा १५९ किलोहर्ट्झवर जाते, म्हणजे काळजीच नको. तुमचा लूप बफर नसलेला असेल तर सेंडनंतर लगेच एक चांगला बफर लावा आणि केबल आखूड ठेवा.

साखळीच्या सप्लायबद्दल: डिजिटल पेडल आणि ॲनालॉग पेडल एकाच साखळीत असली की डिजिटलच्या क्लॉकचा आवाज सप्लायमधून दुसऱ्यात शिरतो. ज्या पेडलमध्ये चार्ज पंप चिप आहे तिथे तर १० किलोहर्ट्झच्या आसपासची शिट्टी येऊ शकते. प्रत्येक आउटपुटला वेगळं वाइंडिंग किंवा खरोखर आयसोलेटेड कन्व्हर्टर असलेला सप्लाय घ्या. खात्री करायला संशयित पेडल थोडा वेळ बॅटरीवर चालवून बघा.

मंद्रसप्तक

केबल बांधल्या, घूं बराच उतरला. दोन चॅनलचा आयसोलेटर लावल्यावर उरलेलाही गेला. आता फोर-केबलमध्येही क्लीन चॅनल शांत आहे. राहिली ती खरखर आणि मधूनच बसणारा आवाज.

सोल्डरगन

तो रिटर्न जॅक. लूप रिकामा असताना सेंडमधून येणारा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका स्प्रिंगच्या पट्टीवरून पुढे जातो. प्लग घातला की पट्टी उचलली जाते, काढला की बसते. लूप बरेच दिवस वापरला नाही की पट्टीच्या टोकावर काळा थर चढतो आणि सिग्नल कधी जातो, कधी अडतो. लोक यावर ट्यूब बदलून बघतात, पुष्कळदा गरज नसते. खूण सोपी: आवाज बसलेला असतानाच सेंड-रिटर्नमध्ये पॅच कॉर्ड घाला. भरभरून परत आला तर दोष त्या पट्टीचा.

ॲम्प बंद करा, प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तोच रिटर्नमध्ये वीस-तीसदा आत-बाहेर करा. क्लीनर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच हवा, वंगणाचं तेल नको, त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. पट्टीचा ताणच गेला असेल तर जॅक बदलावा लागेल. बदलताना मूळ जॅक प्लास्टिकचा असेल तर प्लास्टिकचाच लावायला सांगा. धातूचा लावला की स्लीव्ह तिथेच चासीला टेकतो, आतल्या ग्राउंडला दुसरी वाट मिळते आणि कायमचा घूं बसतो. दुरुस्तीनंतर सुरू झालेला घूं असेल तर मी सर्वात आधी हेच बघतो.

तांबडा_एलईडी

हे वाचून चमकलो. माझे लूपचे जॅक मागच्या दुरुस्तीत बदलले होते आणि ते धातूचेच आहेत. स्लीव्ह टेकवण्याची चाचणी करून बघितली, काहीच फरक पडला नाही. शॉर्टिंग प्लग रिटर्नमध्ये घातला तरी घूं तसाच.

सोल्डरगन

म्हणजे तुमचा घूं बाहेरच्या जोडणीचा नाही, आतला आहे. सूर कुठला तेही जुळवून बघा. ५० चा असेल तर ट्यूब ॲम्पचं काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाला जॅकवर फायबरचे इन्सुलेटिंग वॉशर बसवायला सांगा. १०० चा असेल तर आधी फिल्टर कपॅसिटर तपासून घ्या.

मंद्रसप्तक

कॉन्टॅक्ट क्लीनरने काम झालं, लूप रिकामा ठेवूनही खरखर नाही. एक शेवटचं विचारतो. ओव्हरड्राइव्ह चॅनलवरच्या फुसफुशीसाठी मल्टिइफेक्ट्समधला गेट वापरायचा तर तो पुढे ठेवू की लूपमध्ये?

षड्ज

ती फुसफुस प्रीॲम्पच्या गेनमधून येते, त्यामुळे गेट लूपमध्ये, डिले आणि रीव्हर्बच्या आधी. नंतर ठेवला तर डिलेच्या शेपट्या कापल्या जातील. गेटने सिग्नल कुठून ओळखायचा हे निवडता येत असेल तर थेट गिटारचा इनपुट निवडा. तिथे सिग्नल आणि फुसफुस यांतलं अंतर जास्त असतं, म्हणून हळू विरणारा सूरही मध्येच तुटत नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे गेट ज्या पातळीखाली बंद होतो ती, शून्यापासून वाढवत न्या आणि फुसफुस बंद झाली त्याच जागी थांबा.